संगीताच्या सरांशी बोलताना



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत स्नेहसंमेलनं येतात ती ऐन झाडीपट्टी नाटकांच्या हंगामात. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे रात्रभर नाटकं चालतात. गाण्यांना साथ तिथेच बसून होते, म्हणून ऑर्गन-तबलावाल्यांना उसंत नसते. त्यांच्यातले कुणी दिवसा मुलांनाही शिकवत असतील. त्यात नोव्हेंबर-डिसेंबरात गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा. अशा सरांचा एखादा तास बुडाला, तर पालकांनो, त्याला लगेच आळस म्हणू नका.

पण बोलूच नका, असं मी म्हणणार नाही. मुलगी कित्येक आठवडे एकाच अलंकारावर, म्हणजे स्वरांच्या एकाच पलट्यावर अडली असेल, तर आईला काळजी वाटणारच. फक्त तालीम चालू असताना, चार पालकांसमोर तो विषय नको. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. ‘सर, दहा मिनिटं कधी देऊ शकाल?’ असं विचारा आणि भेटल्यावर एकच गोष्ट काढा. ‘तुमचं लक्ष नाही’ म्हटलं की बोलणं तिथेच खुंटतं. ‘घरी रियाज कसा करून घेऊ?’ विचारलं तर सर मनापासून सांगतात. कदाचित तो अलंकार त्यांनी मुद्दामच घोटून घ्यायला ठेवला असेल.

मुलाला मारहाण किंवा त्याचा अपमान होत असेल, तर मात्र भीड नको. थेट मुख्याध्यापकांकडे जा.

बाकी बऱ्याच गोष्टी सुरुवातीलाच ठरवता येतात. गायिका केसरबाई केरकर अब्दुल करीम खाँ, वझेबुवा, बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले अशा थोरांकडे शिकल्या, पण ती तालीम तुटक राहिली. १९२१ मध्ये त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या, तेव्हा शिकवणीच्या अटी आधीच ठरल्या. मग वर्षानुवर्षं तालीम चालली आणि तिच्यातून केसरबाई घडल्या. आपणही वर्षाच्या आरंभी वार, वेळ, फी आणि बुडालेल्या तासाचं काय, हे ठरवून घेतलं तर बऱ्याच कुरबुरी उद्भवणारच नाहीत.

मुलांनो, कळलं नाही तर तुम्हीही विचारा. ‘सर, पुन्हा गाऊन दाखवाल का?’ यात उद्धटपणा काहीच नाही.

आणि संस्थेला माझी विनंती: संगीताच्या सरांच्या वेळापत्रकात आठवड्यातला अर्धा तास पालकांसाठी राखून ठेवा. तो वेळ कामाचा धरा, त्यांच्या सुट्टीतून काढू नका.