पाच मिनिटे दाराबाहेर



आजचा विषय व्यसनाचा म्हटल्यावर काही श्रोत्यांना वाटले असेल की, आता दारूच्या दुष्परिणामांची यादी ऐकावी लागणार. ती यादी आपणां सर्वांना पाठ आहे आणि ज्या मुलांसाठी आपण ती म्हणतो त्यांनाही पाठ आहे. तेव्हा तिच्या वाटेला आम्ही जाणार नाही. आम्हांला बोलायचे आहे ते एका साध्या भेटीविषयी. चौदापंधरा वर्षांचा मुलगा तापासाठी, शिबिराच्या दाखल्यासाठी किंवा मुरगळलेल्या पायासाठी घरच्या डॉक्टरांकडे येतो. त्या भेटीत त्याला तंबाखू, दारू, गांजा यांविषयी विचारावे काय, आणि विचारायचे तर कोणासमोर, एवढाच आजचा प्रश्न आहे. मुलगा म्हणतो तेव्हा मुलगीही त्यात आलीच.

ही भेट कशी होते ते आपण पाहता. डॉक्टर विचारतात, “भूक लागते का रे?” आणि उत्तर आई देते. “झोप?” पुन्हा आईच. मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहत बसतो. पाय बरा होतो, दाखला मिळतो. पण त्याच्या मनात काय चालले आहे ते ज्या एका जाणत्या माणसाला सांगता आले असते, ती संधी निघून जाते.

संधी का म्हणतो? मेंदूतील सुखाची ओढ निर्माण करणारा भाग लवकर जागा होतो, आणि त्या ओढीला आवर घालणारा कपाळामागचा भाग पक्का व्हायला विशी ओलांडून पंचविशीपर्यंतचा काळ लागतो. गाडीला वेग आधी आणि ब्रेक मागाहून, असा हा प्रकार आहे. या वयात लागलेली सवय पुढे अधिक घट्ट बसते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र शासनाच्या पाहणीत एक गोष्ट फार बोलकी आहे. व्हाइटनर, सोल्यूशन यांसारखे पदार्थ हुंगण्याचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आढळले. बाकीच्या व्यसनांत मोठी माणसे पुढे आहेत. येथे मुले पुढे आहेत! हा पदार्थ स्टेशनरीच्या दुकानात मिळतो आणि तो हुंगल्याने पहिल्याच वेळी हृदय बंद पडू शकते. “थोडा मोठा झाला की विचारू” म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कोणी म्हणतील, विचारल्याने मुलाला नसते ते सुचेल. शाळेजवळच्या टपरीवर जे रोज दिसते ते डॉक्टरांच्या प्रश्नाने नव्याने कळत नाही. कळते ते इतकेच की, या माणसाशी याविषयी बोलता येते.

विचारण्याचीही एक रीत आहे. “तू पीत नाहीस ना?” हा प्रश्न नव्हे, त्यात उत्तर आधीच भरलेले आहे. आधी घर, शाळा, मित्र, खेळ यांविषयी बोलावे आणि मग सरळ विचारावे, “गेल्या वर्षात किती दिवस घेतलीस?” अमेरिकेत बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॉ. जॉन नाइट व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली सहा प्रश्नांची एक कसोटी प्रसिद्ध केली. नशेत असलेल्या कोणाच्या गाडीवर बसलास काय, किंवा तशी स्वतः चालवलीस काय? मन हलके व्हावे किंवा चारचौघांत मिसळता यावे म्हणून घेतोस काय? एकटा असताना घेतोस काय? केलेले विसरतोस काय? घरचे वा मित्र कमी कर म्हणतात काय? त्यापायी कधी अडचणीत आलास काय? दोन होकार आले की अधिक खोलात जाऊन चौकशी करायची. या सर्वांस पाच मिनिटे पुरतात.

यातला पहिला प्रश्न नीट पाहा. गाडी चालवणारा पुष्कळदा मुलाचा मित्र नसतो. काका असतो, कधी वडीलच असतात. मुलाला विचारलेला प्रश्न अशा रीतीने आपल्या घरात येऊन उभा राहतो. आईवडिलांसमोर त्याचे खरे उत्तर कोणता मुलगा देईल?

म्हणून आमची मागणी अशी की, दर भेटीत पाच मिनिटे पालकांनी दाराबाहेर बसावे. काहींना हा अपमान वाटतो. “आमचा मुलगा आमच्यापासून काही लपवत नाही,” ते म्हणतात. लपवत नसेल तर आनंदच आहे. पण मुलाला स्वतःच्या शरीराविषयी स्वतः बोलायला शिकवणे हेही पालकांचेच काम आहे. गुप्ततेला मर्यादाही आहेत, आणि त्या डॉक्टरांनी प्रश्नाआधीच मुलाला सांगाव्यात. त्याच्या वा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, कोणी त्याचा छळ करीत असेल, तर गप्प राहता येणार नाही. तेव्हाही “तुझ्या आईला आपण दोघे मिळून सांगू,” असे म्हणावे. पाठीमागून चुगली करू नये.

मग पुढे काय? जो काही घेत नाही त्याला शाबासकी द्यावी. ती फार क्वचित दिली जाते. जो एखाद्या वेळी घेतो त्याला स्पष्ट सांगावे की, थांबणेच बरे, आणि पुन्हा भेटीस बोलवावे. जो अडकला आहे त्याला जाणत्यांकडे न्यावे. पुण्यात १९८६ सालापासून मुक्तांगण हे काम करीत आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ हे शासनाचे दूरध्वनी क्रमांक आहेत.

डॉक्टरांचे काम आम्ही सांगितले. पालकांचे त्याहून अवघड आहे. दार उघडल्यावर आणि जिना उतरताना “काय विचारलं रे डॉक्टरांनी?” असे विचारायचे नाही. मुलगा आपण होऊन बोलेल तर ऐकायचे. न बोलेल तर वाट पाहायची. जी पाच मिनिटे आपण त्याला दिली ती जिन्यात परत मागून घेतली, तर पुढच्या भेटीत तो कॅलेंडराकडेच पाहील.