कोऱ्या जागेवरची सही

(दसऱ्यानंतरच्या पाडा-मेळाव्यात ग्रामपंचायतीवर निवडून गेलेल्या आपल्या तीन साथींच्या वतीने झालेलं हे बोलणं. बरंचसं बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)

आयाबायांनो, आजा-आजींनो, मागं उभ्या राहिलेल्या पोरांनो, पुढं येऊन बसा, जागा आहे. माईक नाही, म्हणून जरा गप राहून ऐका.

आम्ही तिघं पंचायतीवर निवडून गेलो त्याला दीड वर्ष होत आलं. दोघी बाया आणि एक दादा. तुम्हीच पाठवलं, तर तुम्हाला हिशोब द्यायलाच पाहिजे. मागच्या मेळाव्यात एका आजीने विचारलं होतं, "मेंबर झालात तं आमच्या प्लॉटाचं काय झालं?" तेव्हा आम्ही गोल-गोल उत्तर दिलं. आज सरळ सांगतो, कारण त्यात आमची चूक आहे.

निवडून आल्यावर पहिली मासिक सभा झाली. खुर्च्या, चहा, बिस्कीट. गुलाल अजून कानात होता. भाऊसाहेबांनी प्रोसिडिंग बुक पुढं केलं, म्हणाले इथं सह्या करा, हजेरी आहे. आम्ही केल्या. पुढच्या महिन्यात परत केल्या. आमच्यातली एकच बारावी शिकलेली, तिने पान उलटून पाहिलं तर सह्यांच्या वर अर्धं पान कोरं. तिने विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, "नंतर नीट अक्षरात लिहितो, आता घाई आहे." आम्ही गप बसलो. नवीन होतो, आणि खरं सांगायचं तर लाजलो. पहिल्यांदा कुणी आम्हाला "मॅडम" म्हणत होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर शेवटच्या पाड्यावरचे लोक वनहक्काचे दावे घेऊन तालुक्याला गेले. त्या पाड्याची 17 घरं राहिली होती. 2008 मध्ये पहिल्यांदा दावे भरले तेव्हा ती सगळी माणसं भिवंडीकडच्या वीटभट्टीवर होती. तालुक्याला त्यांना एक कागद दाखवला. आमच्याच पंचायतीचा ठराव. त्यात लिहिलं होतं, गावात वनहक्काचा एकही दावा शिल्लक नाही. खाली सह्या. त्यात आमच्या तिघांच्या.

त्या रात्री ती माणसं आमच्याकडे आली. भांडली नाहीत. एक काका फक्त एवढंच बोलला, "बाय, तुझी सही मी ओळखतो, माझ्या पोरीच्या शाळेच्या दाखल्यावर तूच केलेलीस." दुसरं काही नाही. आम्हाला तेव्हा वाटलं राजीनामा द्यावा. संघटनेच्या बैठकीत ते बोललो पण. जुने साथी म्हणाले, राजीनामा दिला तर 17 घरांचं काय होणार? आधी कागद वाचा, मग रडा.

मग आम्ही वाचायला बसलो. कंदील लावून, चार रात्री, वनहक्क कायदा आणि त्याचे नियम. काही शब्द डोक्यावरून गेले, पण जे कळलं ते सांगतो, कारण हे प्रत्येक पाड्याला लागतं.

पहिलं म्हणजे ग्रामपंचायत वेगळी आणि ग्रामसभा वेगळी. आम्ही स्वतः मेंबर असून आम्हाला हे नीट माहीत नव्हतं, मग तुम्हाला कोण दोष देणार? पंचायत म्हणजे आम्ही नऊ जण. ग्रामसभा म्हणजे मतदार यादीतले तुम्ही सगळे. वनहक्काचे दावे मागवायचे, तपासायचे, ठराव करायचा, हा अधिकार कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. नऊ मेंबरांना नाही, सरपंचालाही नाही. म्हणजे तो ठराव आमच्या सहीचा असला तरी त्याला किंमत नाही. आम्ही करायलाच नको होता, पण केला तरी त्याने तुमचा हक्क मरत नाही.

आणि अनुसूचित क्षेत्रात गाव म्हणजे पंचायतीचं सगळं हद्दीतलं गाव, असंच काही नाही. 1996 चा पेसा कायदा सांगतो की एक पाडा किंवा काही पाडे मिळून, जे आपला कारभार आपल्या रितीने चालवतात, ते गाव. वनहक्क कायद्याने तीच व्याख्या घेतली. म्हणून पाड्याची ग्रामसभा बसू शकते. पंचायतीच्या हॉलमध्ये, पाच मैलांवर, सगळ्यांनी जायला पाहिजे असं नाही.

"मुदत संपली" हे तर सगळ्यांनी ऐकलंय. नियमात तीन महिने लिहिलेत हे खरं. पण त्याच ओळीत पुढे असं पण आहे की ग्रामसभेला गरज वाटली तर कारण लिहून ती मुदत वाढवू शकते. कारण काय लिहायचं? माणसं भट्टीवर होती. याच्यापेक्षा खरं कारण कोणतं?

आता ग्रामसभेबद्दल आमचं मत सांगतो. यावर पंचायतीत आमची भांडणं झालीत. सरकारी सभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला घेतात. दादांनो, आपलं वर्ष कसं चालतं? दिवाळी झाली की भट्टी, रेती, वसईकडची बांधकामं. जानेवारीत पाड्यावर म्हातारे आणि कुत्रे. मे मध्ये अर्धी माणसं परत आलेली नसतात. 15 ऑगस्टला चिखलात असतो, नागलीचं लावणं उरकलेलं नसतं. 2 ऑक्टोबरला हळवं भात कापायला येतं. मग हॉलमध्ये वीस जण बसतात, झेंड्याला आलेली शाळेची पोरं मोजून शंभर करतात, आणि लिहितात "सभेत सर्वानुमते". आमची मागणी साधी आहे. दसरा ते दिवाळीच्या मध्ये एक सभा, आणि होळीला माणसं घरी येतात तेव्हा एक. रात्री, पाड्यावर, जेवण झाल्यावर. भाऊसाहेब म्हणतात रात्रीचा नियम नाही. आम्ही विचारलं, रात्री घ्यायची नाही असा नियम दाखवा. अजून दाखवला नाही.

त्या 17 घरांसाठी आम्ही तशीच सभा घेतली. 2012 मध्ये नियम सुधारले आहेत. आता निम्मे लोक हजर पाहिजेत, हजर असतील त्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत, आणि दाव्यांवर ठराव करायचा असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांची माणसं तिथं पाहिजेत. आम्ही घरोघर गेलो. एक म्हातारी म्हणाली, माझा काय उपयोग, मला सही येत नाही. तिला सांगितलं, आजी, तुझ्याशिवाय आकडा पुरा होत नाही. ती आली आणि सगळ्यात जास्त तीच बोलली. कोणत्या साली गार्डाने कुणाची नागली उपटली, कुणाचा कोंबडा नेला, कुणाच्या बाने वरच्या बांधाचे दगड वाहिले, सगळं तिला तोंडपाठ. तिचं बोलणं आम्ही लिहून काढलं, तिचा अंगठा घेतला. जाणत्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तो पुरावा धरतात, आणि दावेदार सोडून दुसऱ्याचा पाहिजे. दुसरा पुरावा बांध. शेत सपाट केलेलं, ताल घातलेला, झोपडी, हे सगळं चालतं. दोन पुरावे पाहिजेत. दंडाची पावती असेल तर चांगलंच. गंमत बघा, ज्या पावतीपायी आपले आजे रडले, तीच आज कामाला येते. घरात पत्र्याच्या पेटीत असेल तर उंदरांपासून सांभाळा.

पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो हे पण वाचलं. आमच्यातल्या दोघींनी ते सभेत दोनदा मोठ्याने सांगितलं. काही दादा खाली बघत होते.

एक सांगायचं राहिलं. सगळे दावे खरे नव्हते. एकाने आपल्या चुलत्याच्या वरकसाची जमीन स्वतःच्या नावाने लिहिली होती. तो आमच्या प्रचारात फिरलेला माणूस. सभेने त्याला थांबवलं, आम्ही पण थांबवलं. तो आज इथं आलेला नाही. कायदा 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो स्वतः कसतो त्याच्यासाठी आहे. आपणच खोटं घुसवलं तर खालच्या खऱ्यांनाही खोटं म्हणायला साहेबांना सोपं जातं. यावर संघटनेत काही जण आमच्यावर नाराज आहेत. असू दे.

आता राजकारण. हे पण हिशोबातच येतं.

निवडणुकीच्या आदल्या रात्री पाड्या-पाड्यावर काय चाललं होतं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. मटण कुणी शिजवलं, पाकीट कुणी वाटलं, आम्ही नाव घेत नाही, कारण सगळ्याच झेंड्यांनी वाटलं. आमच्याकडे वाटायला काही नव्हतं, तरी तिघं आलो. पण निवडून आल्यावर दुसरं पाकीट येतं. एका पक्षाचे नेते गाडी घेऊन आले, म्हणाले, "आता तुम्ही सरकारचे भाग झालात, मोर्चे-बिर्चे शोभत नाहीत. आमच्याबरोबर या, पाड्याला रस्ता देतो." आम्ही म्हटलं, रस्ता पंचायतीच्या पैशाचा, तुम्ही कसा देणार? ते हसले. पाड्याला रस्ता अजून नाही, तेही सांगतो. काही लोक म्हणतात, गेला असतात तर झाला असता. कदाचित झाला असता. त्या प्रश्नाने आम्हाला पण झोप लागत नाही, विशेष करून गेल्या पावसात एका बाईला झोळीत घालून नदीपार नेलं तेव्हा.

तरी आमचं म्हणणं हेच आहे की मेंबर झालं म्हणून मोर्चा सुटत नाही. पंचायतीत बसून फार काही हातात नाही. नळाची पाईप, शाळेचं कंपाउंड, दिव्याचे खांब, एवढंच. जमीन आणि जंगल यावर निर्णय प्रांत साहेबांच्या उपविभागीय समितीत होतो, मग जिल्हा समितीत. पण त्या उपविभागीय समितीत पंचायतीचे तीन लोकप्रतिनिधी असतात, त्यांतले दोन तरी आदिवासी आणि एक बाई. ते तिघं कोण आहेत, तिथं जाऊन काय बोलतात, कुणी विचारलंय का? आम्ही विचारलं. एकाने सांगितलं, मला बैठकीचं पत्रच येत नाही. दुसऱ्याने सांगितलं, येतो, जेवतो, सही करतो. आम्ही त्याला हसलो नाही. आम्ही पण तेच केलेलं.

डहाणू-तलासरीकडे 1945 मध्ये आपल्या आजा-पणजांनी वेठ बंद केली, लग्नगडी बंद केली. तेव्हा कुणी मेंबर नव्हता. आणि तिकडे गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचं परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. ते पण मेंबरांनी नाही आणलं, सभेने आणलं, आणि तिथली सभा एकाही माणसाचा विरोध असेल तर निर्णय पुढं ढकलते. आपल्याकडे सामूहिक दावा अजून टाकलेलाच नाही. आपण सगळे आपापल्या प्लॉटात अडकलो. राबाला पाला कुठून आणतो, मोह कुठं वेचतो, ढोरं कुठं चारतो, कारवी कुठून तोडतो, त्याचा नकाशा कुणी काढला? तो काढायचा आहे. पण आधी हे 17.

तर ते कुठं आहेत ते सांगतो. पाड्याच्या ग्रामसभेने मुदत वाढवल्याचा ठराव केला, दावे वनहक्क समितीकडे दिले. पंचायतीच्या सभेत आम्ही तो जुना ठराव चुकीचा असल्याचं लिहून दिलं, आमच्या सह्या कोऱ्या जागेखाली घेतल्या हे पण लिहिलं. भाऊसाहेब घ्यायला तयार नव्हते. टपालाने पाठवलं, पोच आमच्याकडे आहे. तेव्हापासून आमच्या तिघांपैकी कुणी कोऱ्या जागेखाली सही करत नाही. सही करायच्या आधी रिकाम्या जागेवर तिरकी रेघ ओढतो. सभेला अर्धा तास जास्त लागतो, बाकीचे मेंबर कंटाळतात. आता त्यांतला एक पण रेघ ओढायला लागलाय.

येत्या सोमवारी स्थळपाहणी आहे. फॉरेस्टला आणि तलाठ्याला समितीने लेखी कळवलं आहे, त्यांनी हजर राहून सही करायची आहे. नाही आले आणि नंतर हरकत घेतली तर परत एकदा बोलवायचं. तेव्हाही नाही आले तर ग्रामसभेचा पाहणीचा निर्णय शेवटचा, असं सुधारलेल्या नियमात आहे. आणि कुणी वरून काढलेला फोटो दाखवून म्हणाला की इथं शेती दिसत नाही, तर सांगा, फोटो जोड पुरावा आहे, बाकीच्या पुराव्यांच्या जागी तो चालत नाही. मोजताना स्वतःच्या बांधावर स्वतः उभे राहा. मागच्या वेळी आपल्यातल्या कितीतरी जणांना दोन एकर कसून दहा-बारा गुंठ्यांचा पट्टा आला, कारण मोजणीला घरचं कुणी नव्हतं. ज्यांना कमी आलंय किंवा नामंजूर झालंय त्यांनी कागद घेऊन आज जेवणानंतर आमच्याकडे बसा. कारण लेखी मागायचं, आणि कागद हातात आल्यापासून 60 दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करायचा. तारीख पाकिटावर लिहून ठेवा.

17 घरांतल्या लोकांनी भट्टीच्या मुकादमाला सांगून ठेवा की सोमवारपर्यंत निघणार नाही. ज्यांनी आगाऊ उचल घेतली आहे त्यांच्याबरोबर आमच्यातला एक जण मुकादमाकडे येईल. दोरी, खुंट्या आणि चुना आमच्याकडे आहे. भाकर आपापली आणा. सूर्य उगवायच्या आत वरच्या पाड्याच्या उंबराखाली जमायचं.