मेलेल्या बैलाचे पंचवीस हजार, लंगड्या बैलाचे काय?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आला, तेव्हा ज्यांच्या गोठ्यातल्या जनावरांना गाठी उठल्या त्यांनी हात वर करा. बरं. आता ज्यांचं जनावर दगावलं त्यांनीच हात वर ठेवा, बाकीच्यांनी खाली घ्या. बघा, थोडेच उरले. सरकारची नुकसानभरपाई फक्त या उरलेल्या हातांसाठी होती.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. सप्टेंबरात सारं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, बैलबाजार बंद झाले, लस फुकट टोचली. मेलेल्या दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार मंजूर झाले. पण लस कधी आली? रोग शिवारात शिरल्यावर! टोचल्यावर अंगात ताकद यायला तीनेक आठवडे लागतात, आणि हा रोग पसरवणारे डास, माशा, गोचीड पावसाबरोबर वाढतात. म्हणजे लस मृगाच्या आधी पाहिजे. ओडिशात हा रोग २०१९ मध्येच सापडला होता, २०२० मध्ये आपल्या गडचिरोलीत आला. शेळ्यांच्या देवीची जी लस २०२२ मध्ये वापरली, ती तेव्हाही होती. याच देशानं गोठ्यागोठ्यात जाऊन टोचून बुळकांडी हटवली, २००६ मध्ये देश तिच्यातून मुक्त जाहीर झाला. जमत नाही असं नाही.

आता खाली गेलेल्या हातांचं बोलू. बैल मेला नाही. ताप उतरला, गाठी फुटल्या, पाय सुजले ते सुजलेच. कपाशीत डवरा कोण ओढणार? ज्वारीची तिफण कोण ओढणार? एक बैल बसला की जोडी मोडते, दुसरा धडधाकट असून दावणीला उभा. भाड्याचं ट्रॅक्टर लावलं, तो खर्च कोणत्या पंचनाम्यात आला? विकावं म्हटलं तर बाजार बंद. बाजार उघडला तर लंगडा बैल घेणार कोण? २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. २०२२ मध्ये मेल्यावर सरकारनं २५ हजार दिले, जगला तर तुम्ही त्याला मरेपर्यंत कडबा घाला. कायदा करणाऱ्यांच्या दारात एकही दावण नाही, म्हणून हे सुचतं!

आपल्याला भीक नको. रोग पसरू नये म्हणून बाजार बंद करायचा तर करा, पण त्या बंदीचा खर्च सगळ्या समाजानं उचलावा, एकट्या बैलवाल्यानं नव्हे. कामातून गेलेल्या बैलाची डॉक्टरनं नोंद करावी आणि बुडालेल्या औताचे पैसे द्यावेत, ही आपली मागणी.

एक काम घरी गेल्यावर करा. मागे एका गावात आपल्या एका भावानं वासाच्या भीतीनं रातोरात बैल पुरला. सकाळी पंचनाम्याला दाखवायला काही उरलं नव्हतं, पैसे गेले. तेव्हा कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर आजच वहीत उतरवा. जनावर आजारी पडलं त्याच दिवशी दवाखान्यात लेखी कळवा, पोच घ्या. दगावलं तर बिल्ल्यासकट फोटो काढा, पंचनामा होऊ द्या, मगच खोल खड्डा आणि चुना. आणि ज्यांचा बैल जगला पण औताला लागत नाही, त्यांनी नाव, गाव आणि किती दिवसांचं काम बुडालं ते लिहून तालुकाप्रमुखाकडे द्या. ती यादी घेऊनच आपण कलेक्टर कचेरीत जाणार आहोत.