तोतरे बोलणारा विद्यार्थी आणि आपण



प्रश्न विचारला असता "येत नाही" असे म्हणून खाली बसणारा, परंतु वहीत तेच उत्तर बिनचूक लिहिणारा विद्यार्थी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. असा मुलगा मंद असतोच असे नाही. कित्येकदा तो तोतरा असतो. हसे होण्यापेक्षा अडाणी ठरणे त्याला अधिक सोसवते.

तोतरेपणा बहुधा वयाच्या २ ते ५ वर्षांत सुरू होतो. शंभरांत सुमारे ५ मुले केव्हा ना केव्हा अडखळतात. त्यांतील बहुतेकांची वाणी पुढे सुरळीत होते. प्रौढांत हे प्रमाण शंभरांत १ च्या आसपास असते. आनुवंशिकता व मेंदूकडून होणाऱ्या वाणीच्या नियमनातील फरक यांत त्याचे मूळ आहे. बुद्धीची उणीव, भित्रेपणा वा आईबापांची चूक ही त्याची कारणे नव्हेत.

परंतु "मला बोलता येणार नाही, तर बोलूच नये" हा समज जन्माबरोबर येत नाही. अडलेल्या शब्दाऐवजी दुसरा शब्द योजता येतो. स्वतःचे नाव मात्र बदलता येत नाही. म्हणून पुष्कळांना नाव सांगणेच सर्वांत कठीण जाते. तेथे एकदा हशा पिकला की मूल बोलणे टाळू लागते. टाळल्याने क्षणभर सुटका होते, पण भीती वाढते आणि समज पक्का होतो.

इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज तोतरे होते. १९२६ साली त्यांनी लायोनेल लोग या वाणीशिक्षकाजवळ सराव आरंभिला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध पुकारले गेले त्या दिवशी, त्यांनी नभोवाणीवरून प्रजेशी भाषण केले. अडखळणे समूळ गेले नव्हते. थांबत थांबत ते बोलले. खेड्यातील मुलाला राजाचा शिक्षक कोठून मिळणार, असे आपण म्हणाल. पण धीराने ऐकून घेणारा माणूस त्याला आपल्या शाळेत मिळू शकतो.

त्यासाठी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. त्याचे वाक्य त्यालाच पुरे करू द्यावे. शब्द आपण पुरवू नये. "सावकाश बोल" असे सांगण्यापेक्षा स्वतःच संथ बोलावे. समूहाने कविता वा पाढे म्हणताना असे मूल सहसा अडखळत नाही. म्हणून प्रथम सर्वांसमवेत, मग जोडीने, मग एकट्याने, असा वाचनाचा क्रम ठेवावा. चिडवणे तत्काळ थांबवावे. तोंडी कामातून त्याला दयेपोटी वगळू नये. वगळणे म्हणजे त्याच्या समजावर आपणच शिक्कामोर्तब करणे होय. वाणीतज्ज्ञांच्या मदतीसाठी पालकांस जिल्हा रुग्णालयात चौकशी करण्यास सुचवावे. मुंबईत १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्थाही हे कार्य करते.

वर्षअखेरीस त्याचे अडखळणे किती घटले, हे मोजू नये. त्याने आपण होऊन किती वेळा हात वर केला, ते मोजावे.