गादीवरचा कणा



चाळीस वर्षे म्हसळ्याच्या पेठेत गादीवर बसून मी कापड मोजले. मान पुढे, खांदे वाकलेले. घरचे ‘ताठ बसा’ म्हणत, पण पोटापाठीचे स्नायू दुबळे व छातीचे आखडलेले असता निश्चय किती टिकणार? पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ साली सुरू केलेल्या संस्थेत पट्टे, दोर, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने ताठरलेल्या देहालाही आसन साधून दिले जाते. मी आधारासाठी गुंडाळलेला तागाच पाठीखाली घेतो! छाती मोकळी झाल्यावर भुजंगासन व नौकासन, बेताने. नुसत्या ताणाने कणा सावरत नाही, बळही हवे. पायास मुंग्या येत असल्यास मात्र प्रथम डॉक्टर. हल्ली वरच्या फळीवरचे तागे मीच काढतो. नोकराला ते अद्याप रुचलेले नाही.