चूक कोणाची, की चूक कशामुळे?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात वारजे येथे दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



"चांगला व्यवस्थापक कसे व्हावे आणि कामाचा दर्जा कसा सुधारावा" या विषयावर चार शब्द बोलावेत, असे संस्थेच्या चिटणीसांनी मला सुचविले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी व्यवस्थापनशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. डिप्लोमा झाल्यावर पुण्याच्या कारखान्यांत शिरलो आणि निवृत्त होईपर्यंत यंत्रांच्या आवाजातच राहिलो. चिटणीस म्हणाले, "पुस्तकातले सांगणारे पुष्कळ आहेत, तुम्ही कामातले सांगा." म्हणून आपल्यापुढे उभा आहे.

व्यवस्थापक म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे काचेची केबिन आणि दारावरची पाटी येते. पण आपल्या वारजे परिसराकडेच पाहा. १९९७ साली हे गाव पुणे महानगरपालिकेत आले. शेजारून मुंबई-बंगळूर महामार्ग गेला, वस्ती वाढली, आणि तिच्याबरोबर गॅरेजे, फॅब्रिकेशनची दुकाने, बेकऱ्या, शिलाईकाम, केटरिंग हे सारे वाढले. दोन पोरे हाताखाली घेऊन गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री व्यवस्थापक आहे. चार बायकांकडून कपडे शिवून घेणारी आपली एखादी आपाही व्यवस्थापक आहे. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचे हात चालतात, त्याच्यावर व्यवस्थापनाची जबाबदारी आली, असे मी मानतो. तेव्हा हा विषय आपल्यापैकी बहुतेकांचा आहे.

आता मी माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. ती सांगण्यात मला आनंद नाही, पण तिच्यातून मी जे शिकलो ते पुढे कोणत्याही शिबिरात शिकलो नाही.

१९७९ सालची गोष्ट. मी पंचविशीत होतो आणि एका कारखान्यात नुकताच सुपरवायझर झालो होतो. आमच्या विभागात लेथवर धातूचे बुश तयार होत. बुश म्हणजे मध्ये आरपार छिद्र असलेला गोल तुकडा. त्या छिद्राचे माप अगदी काटेकोर लागते. एका लेथवर वयाने मोठे असे एक टर्नर होते. सारा विभाग त्यांना चाचा म्हणत असे. हात इतका बसलेला, की नवी मुले त्यांच्यामागे उभी राहून काम बघत. त्या वर्षी एप्रिलमध्ये चाचांच्या लेथवरचा माल तपासणी विभागाकडून परत येऊ लागला. छिद्र लहान राहते, असा शेरा. पहिल्या आठवड्यात थोडा माल आला, दुसऱ्या आठवड्यात पेटीच्या पेटी.

मी चाचांना सर्वांसमोर बोललो. ते म्हणाले, "साहेब, हा गेज एकदा टूलरूमला दाखवा." मी उत्तर दिले, "कारणे सांगू नका, कामाकडे लक्ष द्या." नंतर मी वर अहवाल लिहिला: कामगाराचा निष्काळजीपणा. चाचांचा वाढीव उत्पादनाचा भत्ता बंद झाला आणि त्यांना लेथवरून काढून माल वाहण्याच्या कामावर दिले. त्या जागी एक तरुण कामगार आला. पहिल्याच आठवड्यात त्याचाही माल परत आला.

तेव्हा कोठे मी तो गेज टूलरूमला पाठविला. विद्यार्थ्यांसाठी थोडे समजावून सांगतो. छिद्र मोजण्याच्या प्लग गेजला दोन टोके असतात. एक 'गो', ते छिद्रात गेलेच पाहिजे. दुसरे 'नो गो', ते जाता कामा नये. 'गो' टोक दिवसातून शेकडो वेळा आत-बाहेर होते आणि झिजून बारीक होते. मग लहान राहिलेल्या छिद्रातही ते सहज जाते. कामगाराला वाटते माल बरोबर आहे. तपासणी विभागातला न झिजलेला गेज मात्र त्याच छिद्रात शिरत नाही. आमचा गेज असाच झिजला होता. तो ठरलेल्या मुदतीत टूलरूमला पाठवायचा असे, ती मुदत उलटून गेली होती, आणि पाठविण्याचे काम चाचांचे नव्हते. ते माझे होते.

मित्रहो, नवा गेज आला, माल सुधारला, चाचा पुन्हा लेथवर आले. पण मधल्या दोन महिन्यांचा भत्ता गेला तो गेलाच. त्याच जूनमध्ये त्यांच्या मुलाला आय.टी.आय.ला घालायचे होते. ते राहिले, आणि मुलगा एका गॅरेजमध्ये कामाला लागला. पुढे स्वतःच्या कष्टाने तो उभा राहिला, पण त्याचे शिक्षण सुटले ते सुटलेच. माझ्या हातून झालेली ही चूक केवळ काही पेट्या मालाची नव्हती, हे पालकांना वेगळे सांगायला नको.

या प्रसंगानंतर मी वाचू लागलो. तेव्हा कळले की मी ज्या ठिकाणी ठेचकाळलो, तेथे मोठमोठे उद्योग आधी ठेचकाळून गेले होते. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर शुहार्ट यांनी एक साधा तक्ता तयार केला. कामात रोज थोडाफार फरक पडतच असतो. हा फरक नेहमीचा आहे की काही वेगळे बिघडले आहे, हे त्या तक्त्यावरून ओळखता येते. पुढे हे शुहार्ट प्रा. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून आपल्या देशातही येऊन गेले. त्यांच्याच विचारांवर वाढलेले डेमिंग १९५० साली जपानमध्ये गेले आणि तेथील कारखानदारांना त्यांनी सांगितले की माल तयार झाल्यावर वाईट वेचून काढल्याने दर्जा येत नाही, तो काम करतानाच मालात यावा लागतो. बहुतेक दोष कामाच्या व्यवस्थेत असतात आणि व्यवस्था बदलण्याचा अधिकार कामगाराला नसतो, तो व्यवस्थापकाला असतो, हे त्यांचे म्हणणे मला फार लागले. आमचा झिजलेला गेज म्हणजे दुसरे काय होते?

१९६२ पासून जपानमध्ये इशिकावा यांच्या पुढाकाराने 'गुणवत्ता मंडळे' सुरू झाली. एका जागी काम करणारे आठ-दहा कामगार ठरावीक वेळी एकत्र बसतात, आपल्याच कामातली एक अडचण घेतात, तिचे कारण शोधतात आणि उपाय सुचवितात. आपल्या देशात १९८० साली हैदराबादजवळच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात ही पद्धत आली. आमच्याकडे आली तेव्हा काही अधिकाऱ्यांना ती कमीपणाची वाटली. मला मात्र चाचांचे एकच वाक्य आठवत होते. आमच्याकडे असे मंडळ १९७९ साली असते, तर तो गेज पहिल्याच आठवड्यात टूलरूमला गेला असता.

कोणी म्हणेल, ही परदेशची आणि मोठ्या कारखान्यांची बोलणी आहेत. तसे नाही. मुंबईचे डबेवाले आपल्याच मुलखातले. मावळ, राजगुरुनगर, जुन्नर या भागांतली ही माणसे. १८९० च्या सुमारास सुरू झालेला हा धंदा. यांच्यातल्या कित्येकांचे शिक्षण बेताचे. पण डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेल्या खुणा पाहून डबा कोणत्या स्टेशनावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर न्यायचा, हे त्यांना समजते. वाटेत डबा हातोहात बदलत जातो, तरी चूक क्वचित होते. हे केवळ पाठांतराच्या जोरावर होत नाही. काम अशा रीतीने लावलेले आहे की बरोबर करणे सोपे जावे. 'माझी माणसे शिकलेली नाहीत, म्हणून काम बिघडते' असे म्हणणाऱ्या प्रत्येक मालकाने हा डबा एकदा हातात घेऊन पाहावा.

दुसरे उदाहरण खानदेशातील अमळनेरचे. तेथे १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अवघे २१ वर्षांचे होते आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत होते. शिक्षण अर्धे टाकून ते परत आले आणि शिकत शिकतच त्यांनी कारभार चालविला. ही कंपनी म्हणजेच आजची विप्रो. पुढे ती संगणकाच्या क्षेत्रात उतरली आणि १९९७ मध्ये तिने 'सिक्स सिग्मा' ही पद्धत स्वीकारली. दहा लाख संधींमागे ३.४ पेक्षा अधिक दोष नसावेत, असा या पद्धतीचा दंडक आहे. हा आकडा गाठायचा तर माणसांवर ओरडून भागत नाही. प्रत्येक पायरी मोजावी लागते. मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राहिलेली पदवी प्रेमजींनी अनेक वर्षांनंतर, एवढा मोठा उद्योग उभा केल्यावरही, पूर्ण केली.

आणि तिसरे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. वारज्याच्या टेकडीवरील वनखात्याची उजाड जमीन आपल्यापैकी जुन्या लोकांनी पाहिली आहे. २०१५-१६ पासून तेथे वनखाते, संस्था आणि नागरिक यांनी मिळून झाडे लावली. ५ जून २०२० रोजी केंद्र सरकारने देशात २०० नगरवने उभारण्याची योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून वारज्याच्या या वनाचे नाव घेतले गेले. झाडे लावण्याचे समारंभ आपण थोडे का पाहिले आहेत? किती लावली याचा आकडा फलकावर येतो आणि पुढच्या उन्हाळ्यात रोपे वाळून जातात. लावलेले झाड जगायचे तर उन्हाळ्यातले पाणी, राखण आणि मेलेल्या रोपाच्या जागी नवे रोप, एवढे सगळे आधी ठरवावे लागते. आपण काय मोजतो यावर आपल्या कामाचा दर्जा ठरतो. गॅरेजवाल्याने दिवसात किती गाड्या गेल्या हे मोजले तर एक काम होते, आणि त्यातल्या किती गाड्या त्याच तक्रारीसाठी परत आल्या हे मोजले तर वेगळे काम होते.

आता घरी नेण्यासारखे थोडे सांगतो.

पहिली गोष्ट, एक वही ठेवा. परत आलेले काम, त्याची तारीख आणि कारण तिच्यात लिहा. महिन्याच्या शेवटी पाहिले की दोन-तीन कारणेच पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. आधी ती धरा.

दुसरी, काम बिघडले की 'कोणी केले' हा प्रश्न मागे ठेवा आणि 'कशामुळे झाले' हा प्रश्न विचारा, आणि पहिल्या उत्तरावर थांबू नका. कापड आखूड कापले गेले. कशामुळे? माप चुकीचे लिहिले होते. ते कशामुळे? गिऱ्हाइकाने घाईत सांगितले आणि परत वाचून दाखविले नाही. मग उपाय कारागिरावर रागावण्याचा नाही, तर प्रत्येक माप गिऱ्हाइकाला वाचून दाखविण्याचा आहे.

तिसरी, जो हाताने काम करतो त्याला विचारा, आणि त्याने सांगितलेले त्याच दिवशी तपासा. याचा अर्थ कोणाला काही बोलूच नये, असा मुळीच नाही. मुद्दाम कामचुकारपणा करणारा माणूसही भेटतो आणि त्याला समज द्यावीच लागते. पण ती वेळ सगळे तपासून झाल्यावर येते. मी ती आधी आणली.

विद्यार्थी मित्रहो, तुमचे काम म्हणजे अभ्यास. उत्तरपत्रिका हातात आली की तुम्ही गुण पाहता आणि ती दप्तरात टाकता. तसे न करता गेलेला प्रत्येक गुण कशामुळे गेला ते लिहून काढा. समजले नव्हते, प्रश्न घाईत वाचला, की बेरीज चुकली? तिन्हींवर उपाय निरनिराळे आहेत. आणि पालकांना माझी विनंती आहे, की निकालाच्या दिवशी "इतके कमीच का पडले?" असे दरडावून विचारू नका. मुलाजवळ बसा आणि चूक कोठे होते आहे ते त्याच्याबरोबर शोधा. दरडावल्याने मूल चूक लपवायला शिकते. कारखान्यातही नेमके हेच होते. जेथे चुकीची भीती असते तेथे खराब माल पेटीच्या तळाशी जातो.

शेवटी पुन्हा चाचांकडे येतो. पुढे ते निवृत्त झाले, त्या दिवशी चहाच्या वेळी मी त्यांना बाजूला घेतले आणि म्हणालो, "चाचा, त्या वेळी चूक माझी होती." ते शांतपणे म्हणाले, "साहेब, ते मला त्याच दिवशी माहीत होते. पण तुम्ही तेव्हा कागदावर लिहिले असते, तर माझ्या घरच्यांनाही कळले असते." दोन महिने त्यांच्या घरात हेच समजत होते की बापाने काम बिघडविले. मी गेज बदलला होता, त्यांना लेथवर परत घेतले होते. पण 'निष्काळजीपणा' हा शब्द त्यांच्या नावापुढे तसाच राहू दिला होता. एवढे लिहायला मला दोन ओळी पुरल्या असत्या.

मुलांनो, तुमच्यापैकी अनेक जण उद्या सुपरवायझर, इंजिनिअर, दुकानदार, मुख्याध्यापक व्हाल. तुमच्या हातूनही चुका होतील. ज्या दिवशी चूक आपली आहे हे कळेल, त्याच दिवशी ती आपल्या नावाने लिहून टाका, म्हणजे दुसऱ्याच्या माथ्यावर ती राहणार नाही.