गिटारचा स्वर : अनुकरण कोठे थांबवावे?



विजेवर चालणाऱ्या गिटारला स्वतःचा असा आवाज फारच थोडा असतो. सतारीला भोपळा आहे, व्हायोलिनला पोकळ पेटी आहे. परंतु विजेच्या गिटारचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. तारांखाली बसविलेले लोहचुंबक आणि त्याभोवतीचे बारीक तारेचे वेटोळे ह्यांच्या योगाने तारेच्या कंपनाचे रूपांतर एका क्षीण विद्युत्प्रवाहात होते, आणि त्या प्रवाहाला खरे शरीर मिळते ते ध्वनिवर्धकात व स्पीकरमध्ये. म्हणून गिटारवादकाच्या दृष्टीने ध्वनिवर्धक हे केवळ आवाज मोठा करण्याचे साधन नव्हे. ते त्याच्या वाद्याचे अर्धे अंग होय. आजचा प्रश्न ह्या अर्ध्या अंगाचा आहे. रेडिओच्या काळापासून ज्यांना आपण व्हॉल्व्ह म्हणत आलो, त्या निर्वात नलिकांच्या ध्वनिवर्धकाचा स्वर संगणकीय अनुकरणयंत्रातून काढून खऱ्या स्पीकरमधून ऐकविता येईल काय, आणि येत असल्यास कोणत्या अटींवर?

प्रश्न वरकरणी हौसेचा वाटेल. पण त्यामागे व्यवहार आहे. दोन बारा इंची स्पीकर असलेला व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक तीस किलोच्या घरात जातो. व्हॉल्व्ह झिजतात, आणि ते तयार करणारे कारखाने आज रशिया, स्लोव्हाकिया व चीन अशा मोजक्याच देशांत उरले आहेत. 2022 साली युक्रेनमधील युद्धामुळे रशियन व्हॉल्व्हचा पुरवठा अनिश्चित झाला, तेव्हा जगभरच्या वादकांना ह्या परावलंबनाची जाणीव झाली. शिवाय व्हॉल्व्हचा भरदार स्वर बहुधा मोठ्या आवाजातच खुलतो, आणि शेजाऱ्यांच्या सहनशीलतेलाही मर्यादा असतात. अशा स्थितीत बेताच्या ऐपतीचा तरुण वादक ‘मॉडेलर’ ह्या नावाने विकले जाणारे अनुकरणयंत्र घेतो, हे स्वाभाविकच आहे. घरी कानांवर हेडफोन लावून तो वाजवितो, तेव्हा स्वर मनासारखा येतो. परंतु तेच यंत्र रंगमंचावर स्पीकरच्या पेटीला जोडले, की आवाज डब्यात कोंडलेल्या मधमाश्यांसारखा होतो. मग तो निष्कर्ष काढतो, की अनुकरण ते अनुकरणच. माझे म्हणणे असे, की हा दोष पुष्कळदा यंत्राचा नसून जोडणीचा असतो. आणि जोडणीचा दोष समजुतीने दूर करता येतो.

त्यासाठी व्हॉल्व्हचा स्वर म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. फ्लेमिंगने 1904 साली पहिला व्हॉल्व्ह सिद्ध केला आणि 1906 साली ली द फॉरेस्टने त्यात जाळीची भर घालून प्रवर्धनाचा मार्ग मोकळा केला. व्हॉल्व्हला त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलले, म्हणजे तो एकाएकी हात टेकत नाही. ध्वनितरंगाचा माथा क्रमाक्रमाने चेपला जातो. ह्या चेपण्यातून मूळ स्वरात नसलेले, पण त्याच्या नात्यातले उपस्वर उत्पन्न होतात. दुप्पट कंप्रतेचा उपस्वर म्हणजे मूळ स्वराचेच वरच्या सप्तकातील रूप, आणि तिप्पट कंप्रतेचा म्हणजे त्या वरच्या सप्तकातील पंचम. तंबोऱ्याची जवारी नीट लागली असता एकाच तारेतून अनेक स्वर उमलतात, हा अनुभव आपणांस आहेच. विजेच्या प्रांतात व्हॉल्व्ह काहीसे तेच काम करतो. त्यात आणखी एक गुण मिसळतो. तार जोराने छेडली, की जुन्या धर्तीच्या ध्वनिवर्धकातील विद्युत्पुरवठा क्षणभर दबतो आणि पुन्हा सावरतो. स्वर प्रथम किंचित मागे सरून मग फुलतो, आणि वादकाच्या बोटांना ह्या लवचिकपणाची गोडी लागते.

परंतु एवढ्यानेच व्हॉल्व्हचा स्वर पूर्ण होत नाही. व्हॉल्व्हच्या पुढे रोहित्र असते, रोहित्राच्या पुढे स्पीकर, स्पीकरभोवती पेटी आणि पेटीभोवती खोली. ह्यांतील स्पीकरचे महत्त्व किती, ह्याची साक्ष इतिहास देतो. अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ ह्या ध्वनिवर्धकाच्या 1959 सालच्या नमुन्यात दहा इंची चार जेन्सन स्पीकर उघड्या पाठीच्या पेटीत बसविलेले होते. 1962 साली लंडनमध्ये जिम मार्शल ह्यांच्या दुकानात त्याच ध्वनिवर्धकावरून नवा ध्वनिवर्धक तयार झाला. विद्युत् मंडल जवळजवळ तेच होते. पण व्हॉल्व्हमध्ये थोडा फरक झाला, आणि मुख्य म्हणजे पुढे त्याला बंद पाठीच्या पेटीतील बारा इंची चार सेलेशन स्पीकरांची जोड मिळाली. ह्या अनुकरणातून निघालेला आवाज मुळाहून इतका निराळा ठरला, की त्याची स्वतंत्र परंपराच निर्माण झाली. दुसरे उदाहरण 1964 सालचे. ‘किंक्स’ ह्या इंग्लिश वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस ह्या तरुण गिटारवादकाने आपल्या लहानशा ध्वनिवर्धकाच्या स्पीकरचा कागदी पडदा पात्याने चिरला, आणि त्यातून निघालेला खरखरीत स्वर त्यांच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेचे वैशिष्ट्य ठरला. व्हॉल्व्ह जसेच्या तसे राहिले. बदलला तो स्पीकर.

आता अनुकरणयंत्राकडे वळू. 1995 साली रोलंड कंपनीचे व्हीजी-8, 1998 साली लाइन सिक्स कंपनीचे पॉड, 2006 साली फ्रॅक्टल कंपनीचे ॲक्स-एफएक्स आणि 2011 साली जर्मनीतील केंपरचे यंत्र, असा ह्या विद्येचा प्रवास आहे. गिटारच्या प्रवाहाचे मोजमाप सेकंदाला हजारो वेळा, पुष्कळ यंत्रांत 48,000 वेळा, घ्यावयाचे आणि व्हॉल्व्ह त्या प्रवाहाचे काय करील ते गणिताने काढावयाचे, हे त्याचे सार. आरंभीच्या यंत्रांत गणनाशक्ती तोकडी असल्यामुळे मूळ स्वराशी नाते नसलेले परके, कर्कश ध्वनी त्यात शिरत. आज ती अडचण बहुतांशी दूर झाली आहे, आणि व्हॉल्व्हच्या विद्युत् मंडलाचे अनुकरण आश्चर्य वाटावे इतके सूक्ष्म झाले आहे.

मात्र हे यंत्र नेमके कशाचे अनुकरण करते, हे फार थोडे वादक विचारतात. कारखान्यातून येताना त्यातील तयार स्वर बहुधा संपूर्ण साखळीचे असतात : पूर्ववर्धक, शक्तिवर्धक, स्पीकरची पेटी आणि त्या पेटीपुढे ठेवलेला मायक्रोफोनसुद्धा. म्हणजे खोलीतल्या ध्वनिवर्धकाचे नव्हे, तर ध्वनिमुद्रिकेत ऐकू येणाऱ्या ध्वनिवर्धकाचे ते चित्र असते. हेडफोनमधून ते शोभते, कारण मुद्रिकाही आपण तशाच ऐकतो. पण तोच प्रवाह खऱ्या गिटार-स्पीकरमध्ये सोडला, की एका पेटीतून आलेला आवाज पुन्हा दुसऱ्या पेटीतून जातो. गिटारचा बारा इंची स्पीकर सुमारे 5,000 हर्ट्‌झच्या वरचे ध्वनी झपाट्याने गाळून टाकतो. ही गाळणी दोनदा लागली, तर स्वर कोंदटतो. आणि स्पीकरच्या स्वभावातील उंचवटे दोनदा लागले, तर तो बोचू लागतो. म्हणून पहिला नियम असा, की खरा स्पीकर जोडला असता यंत्रातील पेटीचे व मायक्रोफोनचे अनुकरण बंद करावे. जे काम खरी वस्तू करणार आहे, ते तिच्या सावलीकडून करवून घेऊ नये.

दुसरा नियम शक्तिवर्धकाचा. तो थोडा सूक्ष्म आहे. स्पीकरवर ‘आठ ओहम’ असे लिहिलेले असते; पण प्रत्यावर्ती प्रवाहाला तो करीत असलेला रोध, ज्याला शास्त्रात संरोध म्हणतात, सर्व स्वरांना सारखा नसतो. शंभर हर्ट्‌झच्या आसपास, जेथे स्पीकरचा पडदा आपणहून घुमतो, तेथे तो कित्येक पटींनी वाढतो, मध्यभागी उतरतो, आणि वरच्या स्वरांकडे पुन्हा चढत जातो. व्हॉल्व्हचा शक्तिवर्धक ह्या चढउतारापुढे नमतो. जेथे संरोध अधिक, तेथे त्याच्याकडून स्पीकरला अधिक दाब मिळतो, आणि त्यामुळे खालचे स्वर भरतात व वरचे उजळतात. ट्रान्झिस्टरचा सामान्य शक्तिवर्धक मात्र करड्या शिस्तीचा. संरोध कसाही बदलो, तो दाब तोच ठेवतो. पूर्ववर्धकाचे उत्तम अनुकरण अशा शक्तिवर्धकातून सोडले असता आवाज सपाट व निर्जीव वाटतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

ह्यावर उपाय दोन. व्हॉल्व्हचाच शक्तिवर्धक हाताशी असेल, तर यंत्रातील शक्तिवर्धकाचे अनुकरण बंद ठेवून पाहावे. बहुधा तेच योग्य ठरते. ट्रान्झिस्टरचा असेल, तर ते चालू ठेवावे, आणि यंत्रात स्पीकरच्या संरोधाचा आलेख बदलण्याची सोय असल्यास तो आपल्या पेटीशी जुळवून घ्यावा. खालच्या तारा घुमटासारख्या वाजत असतील किंवा पोकळ लागत असतील, तर घुमण्याची कंप्रता थोडी वरखाली करून ऐकावे. पेटीशी मेळ बसला, की त्या तारा बांधीव वाजू लागतात. ट्रान्झिस्टरच्या शक्तिवर्धकात राखीव शक्ती भरपूर हवी, कारण तो मर्यादा ओलांडतो तेव्हा व्हॉल्व्हसारखा हळूहळू झुकत नाही, एकदम कापतो. आठ ओहमवर शंभर वॉट देणारा असा शक्तिवर्धक सोळा ओहमच्या पेटीवर सुमारे पन्नासच वॉट देतो, हेही हिशेबात धरावे. उलट बाजूने, पंचवीस वॉटच्या एकट्या सेलेशन ग्रीनबॅक स्पीकरवर दोनशे वॉटचा मारा केल्यास स्वराऐवजी जळका वास येईल!

तिसरा नियम कानांचा. मंद आवाजात कानाला खालचे स्वर तुलनेने फार कमी ऐकू येतात, हे फ्लेचर व मन्सन ह्या अमेरिकन संशोधकांनी 1933 साली मोजून दाखविले. रात्री मंद आवाजात वादक खालचे स्वर वाढवून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी सभागृहात तेच स्वर सगळ्यांना गिळून टाकतात. म्हणून ज्या आवाजात वाजवावयाचे, त्याच आवाजात यंत्राची जुळणी करावी. तसेच स्पीकरचे वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे समोर जातात. पेटी जमिनीवर आणि कान पाच फुटांवर असतील, तर त्या झोताची कल्पना वादकाला येत नाही. तो वरचे स्वर वाढवीत राहतो आणि समोरचे श्रोते कान झाकतात. पेटी थोडी उचलावी किंवा मागे कलती ठेवावी, आणि काही पावले दूर समोर उभे राहून ऐकावे.

एवढे केल्यावर हाती काय लागते? मुद्रिकेतून वा हेडफोनमधून जे कधीच मिळत नाही, ते लागते. खरा स्पीकर खोलीतली हवा हलवितो, ती हवा गिटारच्या तारांना आणि लाकडाला पुन्हा चेतविते, आणि योग्य जागी उभ्या राहिलेल्या वादकाचा स्वर विझता विझता पुन्हा पेट घेतो. येथे तार, यंत्र, स्पीकर आणि माणूस ह्यांचे एक वर्तुळ पूर्ण होते. त्याची किंमतही द्यावी लागते. यंत्रात शंभर पेट्यांची नावे असली, तरी खरा स्पीकर जोडल्यावर त्या सर्वांवर एकाच स्पीकरची मुद्रा उमटते. मोठ्या सभागृहात मात्र दोन वाटा ठेवता येतात : पेटीचे अनुकरण असलेला प्रवाह सभागृहाच्या ध्वनियोजनेकडे, आणि ते नसलेला प्रवाह वादकाच्या पाठीमागील खऱ्या पेटीकडे. अनेक यंत्रांत आता तशी सोय असते.

ह्यावर कोणी विचारील, की एवढी खटपट करूनही जे मिळते ते अस्सल म्हणता येईल काय? बासमनवरून निघालेल्या त्या लंडनच्या ध्वनिवर्धकाला आज कोणी नक्कल म्हणत नाही. तंबोऱ्याचे विजेवरचे अनुकरण आज घरोघरी रियाजाला साथ देते. ते लहानशा डबीतून वाजते म्हणून भोपळ्याची गाज त्यात उतरत नाही, पण ह्या उणिवेचा दोष कोणी तारेला देत नाही. गणिताने जे साधते ते गणिताकडून घ्यावे, आणि कागदाचा पडदा, लाकडाची पेटी व खोलीतली हवा ह्यांचे काम त्यांनाच करू द्यावे. अनुकरण कोठपर्यंत न्यावयाचे आणि कोठे थांबवावयाचे, एवढा विवेक वादकाने राखला, तर तीस किलोचे ओझे न उचलताही त्याच्या बोटांना ते फुलणे परत मिळेल. आणि ज्या तरुणाला जुना ध्वनिवर्धक कधीच परवडणार नाही, त्याला आपला स्वर उसना आहे असे वाटण्याचे कारण उरणार नाही.